इनोडकाका

आमच्या ऑफिसात इनोडकाकांना कुठल्याही फाइलचं नाव सांगू नये. "नाव काय, आज आहे उद्या बदलेल. नंबर बोला, इनोड नंबर!" असं म्हणून ते चहाचा कप बाजूला ठेवतात आणि मग आपली सुटका नसते. दुसऱ्या मशीनवरची फाइल आपल्याच मशीनवर असल्यासारखी दाखवणारी एनएफएस ही व्यवस्था 'सन'ने १९८४ च्या सुमारास आणली. काका तिच्या क्लायंटमधले, म्हणजे आपल्या मशीनवरच्या भागातले, बग वेचतात, काकू तांदळातले खडे वेचतात तसे.

घरीही तेच. कुरिअरवाला बी विंगच्या ४०२ चं पार्सल ए विंगच्या ४०२ मध्ये, म्हणजे यांच्याकडे, देऊन गेला. काकू वैतागल्या, काका हरखले. "नुसता नंबर जुळून भागत नाही, फाइलसिस्टिमही जुळावी लागते!" पार्सलातल्या चकल्या तोवर निम्म्या झाल्या होत्या.

मध्यंतरी तीन आठवडे ते एकाच बगच्या मागे होते. सर्व्हर फाइलचा नंबर ६४ बिटांचा पाठवायचा. क्लायंटमध्ये कुणा महाभागाने एके ठिकाणी तो ३२ बिटांच्या डब्यात कोंबला होता. वरचा अर्धा भाग गळून जायचा. ज्या दोन फाइलींच्या नंबरांत बरोबर ४,२९,४९,६७,२९६ चा फरक, त्या एकच दिसायच्या. एकीवर दुसरी कॉपी करायला जावं, तर 'सीपी' ही कॉपीची आज्ञा हटून बसे: दोन्ही एकच आहेत, कॉपी कसली करता?

"जुळे नव्हेत, तोतया आहे," काका म्हणाले. "पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याचा निकाल लागायला १७७६ उजाडलं. मी तीन आठवड्यांत लावला." दुरुस्ती एका शब्दाची होती. सोबतचं स्पष्टीकरण दोन पानांचं.

परवा ते सदाशिव पेठेत जुन्या मित्राच्या वाड्यावर गेले. घर क्रमांक तोच, वाड्याच्या जागी सहा मजली इमारत. वॉचमनने हटकलं. काकांनी त्याला समजावलं: फाइल पुसली की तिचा नंबर नव्या फाइलला मिळू शकतो, म्हणून सर्व्हरने दिलेल्या हँडलमध्ये, म्हणजे फाइलच्या ओळखचिठ्ठीत, पिढीचाही आकडा ठेवतात, जुना हँडल घेऊन कुणी आलं, तर सर्व्हर 'स्टेल', म्हणजे शिळा, म्हणून परत धाडतो. "म्हणजे आत्ता मी स्टेल."

वॉचमनने सगळं शांतपणे ऐकलं आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "ते असू द्या. इथं नाव लिहा."

काकांनी मोबाइल नंबर लिहिला, गाडीचा नंबर लिहिला, आणि नावाचा रकाना तसाच सोडून पेन परत दिलं.