विलायती निळी बशी: बाजारकुणंगात बसून जाणकार कसे व्हावे

पहिली अट: घरात एकही विलायती बशी नसावी. बाजारकुणंगसारख्या, जोयड्याच्या जंगलानं वेढलेल्या गावात ही अट आपोआप पुरी होते. बशी असली की पाहुणे ती हातात घेतात आणि नको ते प्रश्न विचारतात. नसली की मैदान मोकळं.

आता विषय ठरवा. वेजवुडचं जॅस्पर, मिंटनची मजॉलिका अशा नावांनी बिचकू नका; नवशिक्यानं सरळ ‘विलो’ धरावी. पांढऱ्या बशीवर निळं चित्र. वाकलेलं झाड, पूल, पुलावर तीन माणसं, होडी, पुढे वेडंवाकडं कुंपण, मागे चिनी घाटाचा बंगला आणि वर आभाळात दोन पक्षी. एवढं घोकलं की निम्मी विद्या आली.

मग गोष्ट सांगायला घ्या. श्रीमंत चिनी अंमलदाराची मुलगी, त्याच्याच पदरचा कारकून, दोघं पळतात, मागून चाबूक घेऊन बाप धावतो, शेवटी प्रेमी मरून पक्षी होतात. ऐकणारे हळहळले की चहाचा घोट घ्या आणि सावकाश सांगा, की ही चिनी दंतकथा खुद्द चीनमध्ये कुणी ऐकलेली नव्हती. चिनी भांड्यांची चित्रं समोर ठेवून हा नमुना जुळवला इंग्लंडात, 1790 च्या सुमारास, स्टोकच्या स्पोड या भांडी कारखानदारानं. आणि 1849 मध्ये ‘फॅमिली फ्रेंड’ नावाच्या इंग्रजी मासिकानं ही गोष्ट छापली तेव्हा बशा घरोघरी पोचून जमाना झाला होता. चित्र आधी, पुराण मागाहून! पुढे चिनी कारागिरांनीही निर्यातीसाठी हाच इंग्रजी नमुना रंगवला. इथे कुणी ‘मग नक्कल कुणी कुणाची केली?’ असं विचारलं, तर आणखी चहा मागवा.

खरी परीक्षा कृतीची, आणि खरं सांगायचं तर माझ्या लेखी सगळी मजा इथेच आहे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं. तो गरम करून तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग रेघांत भरायचा, वरचा पुसून टाकायचा. पातळ कागदावर छाप घ्यायचा आणि एकदा भाजलेल्या, झिलई न दिलेल्या बशीवर तो ताठ ब्रशानं घासून बसवायचा. हे काम बहुतेक बायका-मुलींकडे असे. मग कागद पाण्यानं सोडवायचा, झिलई द्यायची, पुन्हा भट्टी. त्या आचेत तग धरणारा भरवशाचा रंग म्हणजे कोबाल्ट. सगळं निळं का, याचं उत्तर हे. झिलईखाली निळा छाप उठवण्याची ही रीत स्पोडनं 1784 मध्ये पक्की केली.

म्हणून बशी दिसली की मधलं चित्र सोडा, काठ बघा. काठाची नक्षी म्हणजे कागदाची पट्टी. ती गोल फिरवून आणताना टोकं सहसा जुळत नाहीत. जिथे वेल मधेच तुटते, अर्ध्या फुलावर दुसरं अर्धं फूल चढतं, तिथे बोट ठेवा आणि ‘हं’ म्हणा. ‘हं’पुढे काही बोलू नये.

बशी उलटी केल्याशिवाय मात्र मत देऊ नका. ‘आमच्या खापरपणजोबांना 1850 साली कलेक्टरसाहेबांनी दिली’ असं यजमान सांगत असतील आणि खाली ‘इंग्लंड’ छापलेलं असेल, तर माल बहुधा 1891 नंतरचा. अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्यानं मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, तेव्हापासून हा शब्द सर्रास आला. हे जेवणाआधी सांगू नये.

काळी व्याघ्र प्रकल्पाच्या शेजाऱ्यांना एक खास सोय आहे. 1815 च्या सुमारास स्पोडनंच हिंदुस्थानी शिकारीची चित्रं ताटल्यांवर उठवली, कॅप्टन विल्यमसनच्या 1807 च्या पुस्तकातून. एका ताटलीवर चक्क उसातून अस्वल हाकलताहेत. या विषयावर जोयड्यातल्या माणसाला कोण शिकवणार!

मुंबईचा धागा जोडल्याशिवाय भाषण संपवू नका. स्टॅफर्डशरच्या बर्स्लेम गावी भांड्यांच्या कारखान्यात उमेदवारी केलेले लॉकवुड किपलिंग 1865 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले. तिकडच्या ज्या तळ्याकाठी त्यांची भावी पत्नी भेटली, त्या तळ्याचं नाव त्यांनी मुंबईत जन्मलेल्या मुलाला दिलं: रुडयार्ड. 1870 च्या दशकात त्याच जे. जे.त जॉर्ज टेरी यांनी सिंधी कुंभारांना हाताशी धरून भांडी घडवली आणि त्यांवर अजिंठ्याच्या घाटाची नक्षी काढवली. विलायती चिनीमातीपेक्षा मला ही वरचढ वाटतात; मत तुम्ही फुकट वापरा.

ती भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात आहेत. लोंढ्याहून गाडी धरा. वाटेत खानापूर लागतं. तिथली मातीची भांडी नावाजलेली, पण माठ घ्यायचा तो परतताना. माठ कवटाळून संग्रहालयात शिरणाऱ्याला कुणी जाणकार मानत नाही. आत गेल्यावर काठाची सांध शोधत बसू नका, ही भांडी हातानं रंगवलेली आहेत. आणि तळाचा शिक्का बघायला भांडं उचलू म्हणाल, तर मधे काच आहे.