ओ-रिंगपंत

न्यू जर्सीतले मराठी आयटीवाले शनिवार-रविवारी काय काय करतात. काही क्रिकेट खेळतात, काही लॉन कापतात, काही मुलांना मराठी शाळेत सोडून गाडीतच डुलकी काढतात. ओ-रिंगपंत पेंटबॉल खेळायला जातात. निदान घरी तरी तसं सांगून निघतात. प्रत्यक्षात ते मैदानावर जाऊन मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, उघडून बसतात.

पंत ही एक व्यक्ती नव्हे, जात आहे. कुठल्याही मैदानाच्या कडेला जिथे टेबलं मांडलेली असतात, तिथल्या शेवटच्या टेबलावर एक पंत हमखास सापडतो. चाळिशी उलटलेली, खिशात ॲलन कीचा जुडगा, बोटांना ग्रीस, कानावर कॉटन बड खोचलेला. समोर टॉवेल आणि त्यावर दीड हजार डॉलरांच्या वरचं इलेक्ट्रॉनिक मार्कर सुटं करून मांडलेलं. गोळ्यांचा हॉपर डावीकडे, बॅरल उजवीकडे, मधोमध गोळी ढकलणारा बोल्ट. आणि पंत डोळ्याला भिंग लावून बोटाच्या पेराएवढ्या रबरी कड्याकडे, म्हणजे ओ-रिंगकडे, बघत असतात.

"बघ, निक पडलाय," ते शेजाऱ्याला सांगतात. शेजाऱ्याला काहीही दिसत नाही. तो तरीही मान डोलावतो, कारण नाही म्हटलं तर भिंग त्याच्या हातात येतं.

"हे चालतं कसं?" असं पंतांना चुकूनही विचारू नये. नमनालाच घडाभर तेल जातं. पंत सुरुवात करतात 27 जून 1981 पासून. न्यू हॅम्पशायरमधलं हेनिकर गाव, बारा खेळाडू आणि प्रत्येकाच्या हातात नेल्सपॉट 007, म्हणजे झाडांवर नि गुरांवर रंगाची खूण करायला बनवलेलं पिस्तूल. पेंटबॉलचा तो पहिला सामना रिची व्हाइट जिंकला, आणि तोही एकही गोळी न झाडता. हा तपशील पंतांच्या फार आवडीचा आहे. दिवसभरात स्वतः एकही गोळी झाडली नाही, तर संध्याकाळी तोच कामी येतो.

तिथून गाडी हवेवर येते. मार्करला जोडलेल्या टाकीत 4500 पीएसआय दाबाची हवा. मार्करच्या रेग्युलेटरमधून पुढे जाईपर्यंत ती शंभरांच्या घरात उतरते. ट्रिगर दाबला की सर्किट बोर्ड सोलेनॉइडला वीज देतो, सोलेनॉइड हवेची वाट मोकळी करतो, बोल्ट पुढे सरकतो आणि 0.68 इंची जिलेटिनची गोळी सेकंदाला 280 फुटांच्या आसपास वेगाने सुटते. गोळी जागेवर बसली की नाही हे बघायला ब्रीचमध्ये, म्हणजे गोळी येऊन बसते त्या जागी, इन्फ्रारेड किरणांचे 'डोळे' असतात. त्यांच्यावर रंग बसला की मार्करला गोळी नीट दिसत नाही. मग ते अडून तरी बसतं, नाहीतर अर्धवट आत आलेली गोळी चिरडून आतल्या आत रंगपंचमी करतं.

"आणि एवढ्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सचं भवितव्य कशावर?" पंत विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात, "चार आण्याच्या रबरावर!" हे मात्र खरं आहे. बोर्ड सहसा दगा देत नाही. दगा देतात ती कोरडी पडलेली ओ-रिंग, मरायला टेकलेली बॅटरी आणि मालकाचा आळस. पंतांच्या पत्नी एकदा म्हणाल्या, "अहो, सारखं बिघडतं तर विकून टाका ना!" पंत उखडले. "कुकरची शिट्टी होईना तर तू कुकर विकतेस की रिंग बदलतेस?" हा युक्तिवाद बिनतोड होता. पण त्याच भरात त्यांनी मार्करचं ग्रीस कुकरच्या रिंगेला लावायला घेतलं आणि तेव्हापासून त्यांना स्वयंपाकघरात प्रवेशबंदी आहे.

पंतांची खरी ऐट बघायची तर दुसऱ्याचं मार्कर गळायला हवं.

"काका, हे सारखं फुसफुसतंय," म्हणत कॉलेजातला एक पोरगा येतो.

"शू! बोलू नकोस." पंत हात वर करतात. मार्कर डावी-उजवीकडे कलवून कान देतात. "टाकीच्या तोंडाशी नाही. ग्रिपमध्ये नाही. बॅरलमधून येतंय. म्हणजे बोल्ट. ग्रीस शेवटचं कधी लावलंस?"

"लावायचं असतं?"

पंत क्षणभर डोळे मिटतात. मग टाकी सोडवतात, मार्कर सुरक्षित दिशेला धरून उरलीसुरली हवा झाडून टाकतात आणि मगच बोल्ट बाहेर ओढतात. त्यावर काळं पडलेलं ग्रीस आणि वाळलेल्या केशरी रंगाच्या खपल्या. प्लास्टिकच्या टोकाने ते ओ-रिंग अलगद उचलतात. लोखंडी टाचणी आणली तर पोराचं काही खरं नाही, चरा पडला की नवी रिंगही गळणार. फडक्याने सगळं पुसून झालं की नखावर मावेल एवढंच ग्रीस. "जास्त थापलंस तर सोलेनॉइडपर्यंत जाईल आणि तो सुस्तावेल. आणि घरातला गंज काढायचा स्प्रे मारलास तर मला तोंड दाखवू नकोस, रबर फुगतं त्याने." पाच मिनिटांत फुसफुस बंद. पोरगा थँक्यू म्हणत पळतो आणि दिवसभर मजेत खेळतो.

पंत मात्र स्वतःच्या मार्करकडे वळतात. त्याला काहीही झालेलं नसतं. "काल रात्री आवाज जरा वेगळा वाटला," एवढ्यावरून ते उघडलं जातं. जोडताना एक स्क्रू उरतो. तो कुठला हे शोधायला पुन्हा उघडतात. ग्रिप घट्ट पिळताना आतली तार चेपते आणि धडधाकट डोळे बंद पडतात. तिकडे शेवटचा खेळ सुरू झालेला असतो. पंत नाइलाजाने मैदानाचं भाड्याचं मार्कर उचलतात. ते साधं यांत्रिक, चिखलात लोळलेलं, बॅटरीशी संबंध नसलेलं धूड. ते बिनतक्रार चालतं आणि पंत चक्क दोन गडी बाद करतात. याचा आनंद त्यांना होत नाही. "त्यात बघण्यासारखं काही नाही हो," म्हणत ते परत करतात.

खंडेनवमीला पंतांच्या देवघरासमोर लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मार्कर अशी मांडणी असते. हळद-कुंकवाला सक्त विरोध, "डोळ्यांत जाईल!" शेवटी ते टाकीला लागतं. त्या टाकीची दर 5 वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी करावी लागते. तिची तारीख पंतांना तोंडपाठ आहे. स्वतःचं ब्लडप्रेशर त्यांनी शेवटचं कधी तपासलं, ते कोणालाच आठवत नाही.

दोन घरची मार्करं सारखी बिघडतात. एक, जिथे ते कोणी कधीच उघडत नाही. दुसरं, पंतांचं. पण पहिल्या घरची सगळी मार्करं पुन्हा चालू होतात ती पंतांमुळेच, हेही विसरून चालणार नाही. तेव्हा तुमच्याकडे मार्कर असेल तर खेळून आल्यावर रंग पुसा, बोल्टला थोडं ग्रीस लावा, हंगामाच्या सुरुवातीला 9 व्होल्टची नवी बॅटरी घाला आणि चालत असेल तर उगाच उघडू नका. इतकं करूनही गळलंच तर पंतांना गाठा. ते पैसे घेत नाहीत, वेळ मात्र घेतात.