गुपितांचा तुटवडा

माझ्याकडे लपवण्यासारखं काहीही नाही, ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर मला फार लागायला लागली. माणसाच्या नावावर एखादं तरी प्रकरण असावं. माझ्या फोनमध्ये काय आहे? वीजबिलाच्या पावत्या, लग्नपत्रिका, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचे फोटो आणि ‘कविता अंतिम’, ‘कविता अंतिम नवी’, ‘कविता खरंच अंतिम’ अशा नावांच्या फायली. या फायली कुणीतरी चोराव्यात अशी माझी जुनी इच्छा आहे. संपादकांनी तर त्या फुकट दिल्या तरी घेतल्या नाहीत. तरीही परदेशातल्या कुठल्याशा कंपनीच्या यंत्रावर त्या पडून आहेत आणि एक दिवस ते यंत्र माझ्या कविता वाचून मला गुडघ्याच्या मलमाची जाहिरात दाखवील, हा विचार मला सहन होईना. (दाखवलीही. कविता विरहाच्या होत्या.)

तेव्हा ठरवलं, यापुढे आपलं सगळं विकेंद्रित आणि कूटबद्ध. चौकातल्या चहाच्या गाड्यावर हे जाहीर केलं. व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असतो, हे मला माहीत होतं. पण तो जातो कंपनीच्या सर्व्हरवरून. आत काय लिहिलंय ते कंपनीला दिसत नसलं, तरी कुणी कुणाला कधी लिहिलं हे दिसतं. मला मधे कुणीच नको होतं. माझ्या फोनवरून निघालेलं थेट तुमच्या फोनवर. चहावाल्यानं गाळणी झटकत विचारलं, “मग तोंडानं सांगा की. समोरच बसलाय की त्ये.”

चहावाल्यांना तंत्रज्ञान कळत नाही.

मी ब्रायर नावाचं ॲप उतरवून घेतलं. त्याला फोन नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही. इंटरनेट असेल तर निरोप टॉर नावाच्या जाळ्यातून वळसे घेत जातो; नसेल तर ब्लूटूथ किंवा वाय-फायवरून जवळच्या फोनवर पोचतो. पासवर्ड विसरला तर परत मिळायची सोय नाही, खातं पुसून नव्यानं जन्म घ्यायचा. इतका कडक बंदोबस्त मी माझ्या आयुष्यात प्रथमच पाहत होतो. फक्त दुसरा माणूस पाहिजे होता.

दुसरा माणूस म्हणून शेजारचे तात्या तयार झाले. ओळख पटवायची तर दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांच्या पडद्यावरचा क्यूआर कोड टिपायचा. आम्ही भर गल्लीत एकमेकांवर फोन रोखून उभे राहिलो. सायकलवरून जाणारा एक जण थांबून म्हणाला, “पैसे कुणी कुणाला द्यायचं हाय ते तरी ठरवा.”

कोड जुळला. मी पहिला गुप्त निरोप टाकला, ‘पोचलं का?’ तात्यांचं उत्तर आलं, ‘पोचलं.’ त्यानंतर आम्ही दोघं आपापल्या फोनकडे बघत राहिलो. एवढी यंत्रणा हाताशी, आणि सांगायला काही नाही. शेवटी तात्यांनी लिहिलं, ‘आज फोडणी जळाली.’ ते मला ठाऊक होतं. वास आमच्या माजघरापर्यंत आला होता.

मुळात जयसिंगपूरची रचनाच गुप्ततेच्या विरोधात आहे. शाहू महाराजांनी वडिलांच्या, कागलच्या जयसिंगराव घाटग्यांच्या नावानं ही पेठ वसवली ती पट्टीनं रेघा मारून. सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, गल्ल्यांना नंबर. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकापर्यंत दिसतं. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं, जाताना हातात पिशवी होती आणि येताना नव्हती, ही सगळी माहिती गोळा करायला कंपन्यांना यंत्रांची गोदामं बांधावी लागतात. आमच्याकडे कट्टा पुरतो.

दुसरी अडचण तात्यांच्या स्वभावाची. मधे सर्व्हर नाही म्हणजे निरोप थोपवून धरायलाही कुणी नाही. दोघांचे फोन एकाच वेळी जाळ्यात हवेत. (यावर उपाय म्हणून ब्रायरवाल्यांनी पुढे मेलबॉक्स नावाचं वेगळं ॲप काढलं, पण त्यासाठी एक जादा फोन कायम चालू ठेवावा लागतो आणि आमच्या घरात जादा फोन म्हणजे नातवंडांचं खेळणं.) तात्या तर बॅटरी वाचवायला फोनमधलं सगळंच बंद करून ठेवायचे. मग मला त्यांना साधा फोन करावा लागे.

“तात्या, ते चालू करा, निरोप टाकतोय.”

“काय हाय निरोप?”

“तो फोनवर कसा सांगू?”

“मग ऱ्हाऊ दे. अंघोळीला चाललोय मी.”

हे असंच चाललं असतं. पण २०२३ च्या मे महिन्यात बातमी आली, की काश्मीरमधले दहशतवादी वापरतात म्हणून केंद्र सरकारनं चौदा ॲप बंद केली. यादीत ब्रायर. बायकोनं पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “अहो, हे तुमचंच ना?” मला भीती वाटायला हवी होती. पण आधी छाती फुगली. एवढी वर्षं आयकर भरला, मतदान केलं, जनगणनेत मोजला गेलो. सरकारनं माझी दखल अशी कधी घेतली नव्हती. तात्या मात्र हादरले. संध्याकाळी मागच्या दारानं आले आणि हळूच विचारलं, “त्ये फोडणीचं लिवलं हुतं, त्ये निघंल का वो वाचाय?” आम्ही दोघांनी ॲप काढून टाकलं. त्या संध्याकाळी तात्या एरवीपेक्षा ताठ चालत घरी गेले, हे मी पाहिलं आहे.

निरोपाचा नाद सुटला तरी साठवणीचा सुटला नाही. आयपीएफएस नावाची एक व्यवस्था आहे, हुआन बेनेट यांनी २०१५ साली बाहेर आणलेली. त्या नावातला ‘आयपी’ म्हणजे इंटरप्लॅनेटरी, ग्रहाग्रहांमधली. तिथं फाईल कुठे ठेवलीय यावरून तिचा पत्ता ठरत नाही, आत काय आहे यावरून ठरतो. एक काना बदलला तरी पत्ता बदलतो. ‘कविता खरंच अंतिम’ मी तिथं चढवली आणि आता ती मंगळावरून मागवता येईल या कल्पनेनं गच्चीवर जाऊन आलो. मग पुढचं वाचलं. जोवर कुणीतरी आपल्या यंत्रावर ती फाईल मुद्दाम धरून ठेवतं, तोवरच ती जगते. कुणालाच नको असेल तर हळूहळू नाहीशी होते. अट शास्त्राला धरून असेल, पण कवीला सांगायची ही पद्धत नव्हे.

ताहो-लाफ्सची कल्पना मला अधिक पटली. फाईल कुलूपबंद करून तिचे १० तुकडे करायचे, १० यंत्रांवर ठेवायचे; त्यांतले कुठलेही ३ हाती आले की फाईल सबंध उभी. एकट्या तुकडेवाल्याला काही वाचता येत नाही. मी वही घेतली आणि दहा विश्वासू नातेवाइकांची नावं लिहायला बसलो, ज्यांच्या घरी यंत्र रात्रंदिवस चालू राहील. पुण्याच्या पुतणीचा लॅपटॉप ऑफिसचा. मिरजेच्या साडूंनी वीजबिल निम्मं वाटून घेऊ म्हटलं. इचलकरंजीच्या मेव्हण्यानं हो म्हटलं, पण त्याचं हो मला ठाऊक आहे. यादी करता करता एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या घराण्याची माहिती आपल्याकडे सांभाळणारा एक माणूस तर होताच, आणि त्याचं नाव मी वहीत लिहिलं नव्हतं. हेळवी.

सीमाभागाबाहेरच्या वाचकांसाठी दोन ओळी, आणि मग मला थांबवू नका. हेळवी कर्नाटकाच्या बाजूनं येतात. घराण्यांच्या वंशावळी सांभाळणं हा त्यांचा पिढीजात धंदा. कुठली गावं, कुठली घरं कुणाकडे, हे त्यांच्यात वाटून घेतलेलं. पूर्वी बैलावर बसून यायचे. आमचा आता मोटारसायकलवर येतो. दारात येऊन बही उघडतो आणि मूळ पुरुषापासून म्हणायला लागतो: अमक्याचे तिघे, तिघांतला मधला निपुत्रिक, धाकट्याचे दोन, त्यांतला एक गाव सोडून गेला. तो सुरात म्हणत असतो आणि घरातली मोठी माणसं जमिनीकडे बघत ऐकत असतात. माझ्या लहानपणी आजोबा त्याच्यासमोर टोपी घालून बसायचे. गेल्या सालानंतर घरात जन्मलेल्यांची नावं तो विचारून लिहून घेतो, गेलेल्यांची खूण करतो, धान्य-पैसा-धोतर घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याची बही मला वाचता येत नाही. अक्षरं अशी, की कूटलेखनाच्या तज्ज्ञानं फी मागावी. बरं, आमच्या भावकीतल्या चार घरांत तो तेच म्हणतो, त्यामुळे एका घरानं नाव चुकवलं तर दुसरं घर दुरुस्त करतं. बही, चार घरांचे कान आणि त्याच्या मुलाचं पाठांतर. पाणी आलं, आग लागली, भावकीत भांडण झालं, तरी यांतलं काहीतरी उरणारच.

मी त्याला म्हटलं, मामा, बहीचे फोटो काढू द्या, कायमचं जपून राहील. त्यानं बही मिटली. “फोटो काढलासा, मग म्या कशाला यायचं? आन म्या न्हाई आलो तर नवीन पोरांची नावं कोन इचारनार?” फाइलकॉइन नावाची एक व्यवस्था २०२० पासून सुरू आहे, लोकांची माहिती सांभाळणाऱ्याला तिथं नाण्यांत मोबदला मिळतो, आणि माहिती खरंच सांभाळलीय हे त्याला वेळोवेळी सिद्ध करून दाखवावं लागतं. आमच्या हेळव्याला शाळू मिळतो, आणि त्याची परीक्षा दरसाल माझी चुलती घेते. फोटो त्यानं नाहीच काढू दिले. म्हणाला, सांगतो, लिहून घ्या. मी लिहून घेतलं आणि ‘वंशावळ’ नावाची फाईल केली.

महापुरानंतर तो आला तेव्हा पायरी चढायच्या आधीच त्यानं विचारलं होतं, “कुरुंदवाडची आक्का?”

२०१९ चा ऑगस्ट. तो सबंध महिना मी विनोदानं सांगू शकत नाही. कृष्णा-पंचगंगा एक झाल्या, शिरोळ तालुक्यातली गावं एकामागून एक पाण्यात गेली, आणि अर्ध्या तासाच्या रस्त्यावर असलेली माझी बहीण एकाएकी अमेरिकेतल्या भाच्यापेक्षा लांब गेली. वीज गेली, मग टॉवर गेले, मग फोनच्या बॅटऱ्या गेल्या. ‘आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती’ हे वाक्य मी इतकं ऐकलं, की त्या बाईचा मला राग यायला लागला. मला आजही संताप येतो तो याचाच: तिच्या माडीवर फोन होता, शेजारच्या माडीवर फोन होता, त्यापुढच्याही माडीवर होता, आणि टॉवर उभा नाही म्हणून ते सगळे मुके. त्याच महिन्यात काश्मीरमध्ये हुकमानं फोन बंद झाले होते. तिथलं फोरजी परत यायला २०२१ चा फेब्रुवारी उजाडला. पाणी निदान उतरतं.

शेवटी निरोप आला तो माणसांवरून. माडीवरून होडीत, होडीतून छावणीत, छावणीतून दूधवाल्याकडे, तिथून तात्यांकडे. तात्या दारात उभे राहून म्हणाले, “म्हैस बरी हाय. आक्का सोडून दिली.” त्या क्षणी काय झालं ते लिहीत नाही. मूळ निरोप अर्थात उलटा होता. आणि अर्ध्या तासानं आलेला तिसरा निरोप म्हणत होता, की म्हैसही सोडलेली नाही, चंद्रीला जिन्यावरून वर चढवलंय आणि आक्का तिच्याशेजारीच बसलीय. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी लगेच ओळखणारी ती किचकट गणितं का शोधली असतील, हे मला तात्यांनी शिकवलं.

असो. दहा माणसं जमली नाहीत, एक जमला: आक्काचा मुलगा. त्याचा जुना कॉम्प्युटर माडीवर आहे, पुराच्या खुणेच्या वर. आम्ही सिंकथिंग घेतलं. मधे कंपनीचं गोदाम नाही. माझ्या यंत्रावरचा फोल्डर थेट त्याच्या यंत्रावर उमटतो. त्यासाठी एकमेकांचा ओळखक्रमांक द्यावा लागतो: ५६ अक्षरं, सात-सातचे आठ गट. तो मजकूर पाठवून देता आला असता, पण मी फोनवर वाचून दाखवायचं ठरवलं, कारण पाठवायचा तर कशावरून, हा तत्त्वाचा प्रश्न होता. “के, कुरुंदवाडचा. बी, बटाट्याचा. एम, म्हशीचा...” मागून आक्काचा आवाज आला, “म्हशीला काय झालं?”

समोरच्याला वाचता येऊ नये असं कुलूप लावूनही फोल्डर ठेवता येतो. मी तसाच ठेवला. भाच्यावर अविश्वास नव्हता; आयुष्यात एकदा तरी कुलूप वापरून बघायचं होतं. दुसऱ्याच दिवशी आक्काचा फोन. पडद्यावर नुसती वेडीवाकडी अक्षरं दिसत होती.

“आमच्या घरात ठेवायचं, लाइट आमची जाळायची, आन आमालाच वाचाय न्हाई? ट्रंक ठिवाय दिलीस तर किल्ली कोन ठेवतं रं?”

मी पासवर्ड सांगितला. एवढ्या वर्षांत मला मिळालेलं हे एकमेव गुपित संध्याकाळच्या आत कुरुंदवाडच्या गल्लीत पोचलं. भाच्यानं फोल्डर नेहमीसारखा करून घेतला आणि आक्का वाचायला बसली. कविता तिनं ओलांडल्या. ‘खरंच अंतिम’ला ती ‘आं?’ एवढंच म्हणाली. ‘वंशावळ’ मात्र शेवटपर्यंत वाचली आणि परत फोन केला.

“ह्यात मी कुठं हाय?”

मी म्हटलं, आक्का, हेळव्यानं सांगितलं तसं उतरवून घेतलंय, त्यात मुलग्यांचीच नावं असतात.

“आन तू टाईप करताना तुला बोटं न्हवती?”

मी काही बोललो नाही. त्याच रात्री बसून तिचं नाव घातलं, आत्यांची घातली, आजीचं माहेरचं नाव चुलतीला उठवून विचारून घातलं. तिकडे आक्कालाही माझ्यावर भरवसा नसावा. तिनंही त्याच वेळी मुलाला शेजारी बसवून तीच फाईल दुरुस्त करायला घेतली होती. एकच फाईल दोन ठिकाणी एकदम बदलली, तर सिंकथिंग एक प्रत मूळ नावानं राहू देतं आणि दुसरी ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव लावून शेजारी ठेवतं. सकाळी उघडून पाहिलं तर आमच्या घराण्याच्या दोन वंशावळी तयार. पहिलीत मूळ पुरुषापासून नातवंडांपर्यंत सगळ्या बायका. दुसरीतही सगळ्या बायका, आणि आक्काच्या नावाखाली चंद्री, तिच्या तीन रेडकांसह.

कुठली पुसायची यावरून आमचं अजून जमलेलं नाही. हेळवी यंदा आला की त्याच्यासमोर ठेवणार आहे. चंद्रीची रेडकं चार होती, असं तात्यांचं म्हणणं आहे.