संविधान दिनाचे प्रमुख वक्ते होताना

26 नोव्हेंबर जवळ आला की महाविद्यालयांना वक्त्यांची चणचण भासू लागते. 2015 पासून हा दिवस देशभर संविधान दिन म्हणून पाळला जाऊ लागला आणि मागणी एकदम वाढली. पुरवठा मात्र होता तेवढाच राहिला. त्यामुळे निवृत्त अधिकारी, पतसंस्थेचे माजी अध्यक्ष किंवा ‘तुम्ही काहीतरी लिहिता ना?’ एवढीच ख्याती असलेला कोणीही गृहस्थ या दिवशी घटनातज्ज्ञ ठरू शकतो. तुम्हालाही फोन येईल. ‘सर, मुलांसमोर दोन शब्द बोलायचेत,’ असे प्राचार्य म्हणतील. दोन शब्द म्हणजे चाळीस मिनिटे. अनमान केल्यासारखे दाखवून हो म्हणावे.

तयारी आदल्या रात्री जेवणानंतर सुरू करावी. त्याआधी केल्यास विषय समजू लागतो आणि मग बोलणे अवघड जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर त्या सुमारास भरपूर साहित्य फिरत असते. सुविचाराच्या मागे उगवता सूर्य आणि खाली बाबासाहेबांचे नाव असेल तर तो अस्सल समजावा. मूळ प्रत बाबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिली, असेही कुठेतरी सापडेल. ते जरूर घ्यावे. सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादांचे होते आणि पाने नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनमधील सहकाऱ्यांनी सजवली, हे खरे असले तरी त्याला टाळ्या पडत नाहीत. संविधान 26 नोव्हेंबरला ‘लागू झाले’ असे ठोकून द्यायला हरकत नाही. ते त्या दिवशी स्वीकारले गेले आणि बहुतांशी लागू झाले ते 26 जानेवारी 1950 ला, हा फरक श्रोत्यांपैकी फक्त स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना माहीत असतो, आणि ती मुले कार्यक्रमाला येत नाहीत, अभ्यासिकेत बसतात.

अभ्यासात खरा धोका एकच आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे. तो म्हणजे 25 नोव्हेंबर 1949 चे भाषण. संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर संविधान सभेत बोलले. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालेत ते 13 व्या खंडात आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हा खंड असलाच तर काचेच्या कपाटात असतो, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते निवडणुकीच्या कामावर गेलेले असतात. ही व्यवस्था वक्त्यांच्या सोयीसाठीच आहे. तरीही तो खंड हाती लागलाच तर उघडू नये. उघडलात तर तुमच्या चाळीस मिनिटांचे काय करायचे, हा प्रश्न पडेल.

कारण त्या भाषणात उगीच म्हणून काही नाही. संविधानाला फार वेळ लागला, जनतेचा पैसा वाया गेला, अशी कुरकुर चालू होती. आपल्यापैकी कोणी असता तर ‘टीकाकारांना काळच उत्तर देईल’ असे म्हणून पाणी प्याला असता. बाबासाहेबांनी हिशेब मांडला. सभा पहिल्यांदा भरली 9 डिसेंबर 1946 ला. तेव्हापासून 2 वर्षे, 11 महिने आणि 17 दिवस. मसुदा समिती बसली 141 दिवस. अमेरिकेने चार महिन्यांत घटना केली हे त्यांनी स्वतःहून सांगितले, म्हणजे विरोधकांच्या हातात आधी दारूगोळा दिला. मग कॅनडाची दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाची नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेचे एक वर्ष. आणि मग शांतपणे दाखवले की अमेरिकेच्या घटनेत कलमे अवघी सात, आपल्याकडे 395. शिवाय त्या देशांत घटनाकारांना दुरुस्त्यांना तोंड द्यावे लागले नव्हते. इथे सुमारे 7,635 दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. आक्षेप जिथल्या तिथे विरला. माझ्या मते मराठी माणसाने केलेल्या भाषणांत पुराव्याचा इतका नेटका वापर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच नवोदित वक्त्याने त्यापासून लांब राहावे.

(सतरा की अठरा दिवस, यावर दरवर्षी कुठल्या तरी व्यासपीठावर वाद होतो. पहिला आणि शेवटचा दिवस धरायचा की नाही, यावर ते अवलंबून आहे. तुम्ही ‘जवळजवळ तीन वर्षे’ म्हणा आणि हात हवेत फिरवा.)

श्रेयाचे पाहा. त्या भाषणात बाबासाहेबांनी घटनेचा कच्चा मसुदा तयार करणाऱ्या सर बेनेगल नरसिंह राव यांना श्रेय दिले, मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी यांच्या कौशल्याची वाखाणणी केली आणि रात्र रात्र राबलेल्या कर्मचाऱ्यांनाही विसरले नाहीत. आपल्याकडेही नावे घेतात, पण व्यासपीठावरची. संस्थाध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, विद्यमान नगरसेवक, माजी नगरसेवक आणि गर्दीत उशिरा आलेले भावी नगरसेवक. क्रम चुकला तर पुढच्या वर्षी बोलावणे येणार नाही. यासाठी सूत्रसंचालिका बाईंकडून चिठ्ठी मागून घ्यावी. चिठ्ठीवर ‘मा.’ किती वेळा आहे ते मोजू नये, सगळे वाचावेत. यातच नऊ-दहा मिनिटे जातात, आणि ती तुमच्या विषयाची असतात.

शेवटी बाबासाहेबांनी तीन इशारे दिले होते. घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर रस्त्यावरच्या अराजकाचे मार्ग सोडावेत, हा पहिला. कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नये, हा दुसरा. तिथे त्यांनी जॉन स्टुअर्ट मिलचा आधार घेतला आणि धर्मात भक्ती मोक्षाला नेत असेल, पण राजकारणात ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असे बजावले. तिसरा इशारा राजकीय लोकशाहीवर न थांबता सामाजिक लोकशाही आणण्याचा. यांतले काही घ्यायचेच असेल तर तिसरे घ्यावे. त्याने कोणी दुखावत नाही, कारण प्रत्येकाला तो दुसऱ्यासाठी वाटतो. दुसऱ्या इशाऱ्याला मात्र हात घालण्यापूर्वी मागे वळून फ्लेक्स पाहून घ्यावा. बाबासाहेबांचे छायाचित्र कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे आणि हात जोडलेले स्थानिक नेतृत्व मध्यभागी पुरुषभर उंच असेल, तर थेट ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’कडे जावे.

प्रत्यक्ष बोलण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. माईक उंच करण्याचे काम स्वतः करू नये. स्क्रू हातात येतो. बोटाने दोनदा टकटक करावी, फुंकर मारावी. ‘मी जास्त वेळ घेणार नाही’ हे वाक्य पहिल्या मिनिटाला, विसाव्याला आणि पस्तिसाव्याला म्हणावे. मंडपाबाहेरच्या रांगेतली मुले डोक्यावर वही धरू लागली तर ऊन वाढले असे समजावे, भाषण नव्हे. प्राध्यापकांकडून घडी केलेली चिठ्ठी येईल. ती उघडून न वाचता खिशात घालावी आणि श्रोत्यांकडे पाहून मंद हसावे, म्हणजे कोणी तरी प्रश्न पाठवला आहे असे वाटते. तोंडी प्रश्न मात्र स्वीकारू नयेत. एखादी मुलगी उठून ‘सर, 2,473 दुरुस्त्यांपैकी मान्य किती झाल्या?’ असे विचारू शकते. हल्ली मुलींचा भरवसा नाही. अशा वेळी ‘प्रश्न फार सुंदर आहे’ म्हणून आभारप्रदर्शन करणाऱ्या सरांकडे पाहावे. ते कागद हातात घेऊन अर्धे उठलेलेच असतात.

राहता राहिली बातमी. ती संस्थेच्या जनसंपर्क समितीने आदल्या दिवशीच लिहून ठेवलेली असते, तुमच्या नावापुढे फक्त पदवी तपासून घ्यावी. छायाचित्रात शाल नीट दिसेल असे उभे राहावे. मजकुरात ‘प्रमुख वक्त्यांनी मौलिक मार्गदर्शन केले’ असे वाक्य असते. काय मार्गदर्शन केले, हे आजवर कुठल्या वार्ताहराने विचारलेले नाही.