पाठ टेकलेला पैलवान

लकडगंजात भुसा नाकात गेला की शिंक येते, आणि भाऊच्या दुकानात पाय ठेवला की ब्राझील येतं. भाऊ प्लायवूडवाला. वय ४२, वजन ९१ किलो. दोन वर्षांपासून तो ब्राझिलियन जिउजित्सू नावाची कुस्ती शिकून राहिला आहे. खरं म्हणजे शिकायला वेळ नाही हे सांगून राहिला आहे. "टाइमच नाही भेटत न यार, नाहीतर आतापर्यंत ब्लू बेल्ट झालो असतो!" एवढं सांगायला त्याला पाऊण तास लागतो. तोवर १९ एमएमचा भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून माल उचलून गेलेलं असतं.

असे भाऊ आता गल्लोगल्ली आहेत. कोणाची गिटार खुंटीला लटकली आहे, कोणी मॅरेथॉनचे बूट घालून इतवारीत उधारी वसूल करतो. आमच्या भाऊचा पांढरा गी, म्हणजे जिउजित्सूचा पोशाख, गोदामात खिळ्याला टांगलेला असतो. त्यावर इतका भुसा बसला आहे की दुकानातला पोरगा त्याला 'भाऊचा झगा' म्हणून रोज फटका मारून झटकतो. गीला सध्या तेवढाच सराव.

क्लास शंकरनगरकडे, मंगळवार-शुक्रवार, सात ते आठ. आंबेडकर चौकातून मेट्रोत बसलं की झालं, असं भाऊच सांगतो. पण मंगळवारी यमुनानगरहून प्लायची गाडी येते. शुक्रवारी कोणाचं तरी रिसेप्शन निघतं. तेही नसलं तर २० तारीख जवळ आलेली असते आणि जीएसटीसाठी सीएचा फोन येतो. महिन्यातून चारदा गेला तर तो महिना भाऊ दिवाळीसारखा आठवतो.

गडी हिशेबाचा पक्का. आठवड्यातून पाच दिवस जाणाऱ्याला ब्लॅक बेल्टला दहाएक वर्षं लागतात, तर एकच दिवस जाणाऱ्याला किती? बिलबुकाच्या मागं व्यस्त त्रैराशिक मांडून उत्तर आलं पन्नास. म्हणजे वयाच्या ९२ व्या वर्षी. मी हसलो, तर भाऊ गंभीर. "हेलिओ ग्रेसी ९५ वर्षं जगला बे. तीन वर्षं उरतात न!"

या हेलिओवर भाऊची फार भक्ती. माएदा नावाचा जपानी जूदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि कार्लोसचा धाकटा भाऊ हेलिओ अंगानं किरकोळ, म्हणून त्यानं ताकदीपेक्षा तरफेवर भिस्त ठेवली; तेच हे भाऊचं जिउजित्सू. "सारा खेळ टेकूचा आहे," भाऊ डोळे बारीक करून सांगतो. समोरच्या आरा मशीनवर त्याच वेळी दोन हमाल पहारीचा टेकू लावून सागाचा भला थोरला ओंडका उलटा करत असतात. तिकडे भाऊची पाठ असते.

प्रात्यक्षिकाला मात्र त्याला वेळ कमी पडत नाही. परवा तर्री-पोह्याच्या ठेल्यावर त्यानं 'फक्त ग्रिप दाखवतो' म्हणत माझी कॉलर धरली. पुढच्या क्षणी ठेला, भाऊ आणि आकाश एका रेषेत आले. हार मानली की टॅप करायचं, एवढं मला दोन वर्षांच्या श्रवणानं पाठ होतं. मी ठेल्याच्या पत्र्यावर तीनदा थाप मारली. ठेलेवाल्यानं निमूट माझ्या प्लेटमध्ये आणखी तर्री ओतली.

खरी पंचाईत घरी आहे. भाऊचे बाबा तरुणपणी आखाड्यात घुमलेले. एका रविवारी भाऊनं दिवाणखान्यात सतरंजी टाकली, पुतण्याला अंगावर घेतलं आणि आपण उताणा पडून 'गार्ड' नावाचा पवित्रा दाखवू लागला. बाबांनी पेपर खाली केला.

"पाठ टेकली न रे तुही. हारला तू."

"नाही बाबा, इथूनच तर सुरू होते हे."

"पाठ टेकल्यावर सुरू होते?" बाबांनी पेपर पुन्हा वर केला. "मग संपते कुठं?"

भाऊजवळ उत्तर होतं, पण तेवढ्यात ट्रकवाल्याचा फोन आला.

माझं मत विचाराल तर भाऊला ब्लू बेल्ट मिळेल. तोंडानं तो केव्हाच ब्राउनपर्यंत पोचला आहे. शरीर मागून येईल, पॅसेंजरसारखं, प्रत्येक स्टेशनावर थांबत. सध्या पांढऱ्या बेल्टवर एक पट्टी आहे, आणि ती दाखवायला तो बेल्ट गल्ल्याच्या खणात ठेवतो, सुट्ट्या पैशांशेजारी.

गेल्या मंगळवारी बाबा, "पाहू तरी काय शिकवतेत," म्हणून मेट्रोनं एकटेच क्लासला जाऊन पूर्ण एक तास बसून आले. भाऊ तेव्हा गोदामात गाडी उतरवत होता.