पेन्सिलीची फुली

देशाची अर्थव्यवस्था कशावर उभी आहे, याची सरकारदरबारी आठ उत्तरं आहेत: कोळसा, कच्चं तेल, नैसर्गिक वायू, तेलशुद्धीकरण, खत, पोलाद, सिमेंट आणि वीज. यांना पायाभूत उद्योग म्हणतात आणि दर महिन्याला त्यांची नाडी पाहून आकडे जाहीर होतात. नववा उद्योग या यादीत घालायचा राहून गेलाय. बँकेतल्या साहेबांनी फॉर्मवर पेन्सिलीनं मारलेली फुली.

फुली पाहिली नाही असा कर्जदार नसेल. 'इथं करा, इथं, आणि इथं दोनदा.' पान उलटतं. 'इथं पूर्ण सही.' आपण फुलीमागून फुली गाठत जातो. वाचायची सोय नसते. मागं रांग, साहेबांचा फोन वाजतोय, अक्षर एवढं बारीक की छापणाऱ्यालाही दिसलं नसेल. तरी एखाद्यानं वाचायला घेतलंच, तर पंगतीत बसून 'तांदूळ कुठून आणलात?' असं विचारल्यासारखं सगळे त्याच्याकडे बघतात.

यातल्याच एका फुलीखाली विमा असतो. गडी जातो म्हशीसाठी कर्ज काढायला. म्हशीचा विमा होतो, ते रास्तच. पण वर मालकाचा होतो, मालकिणीचा होतो, आणि बारावीतल्या पोराच्या भावी लग्नाची तरतूदही त्याच टेबलावर होऊन जाते. कर्जासोबत पॉलिसी गळ्यात मारायची नाही, असा नियम आहे. बँका तो काटेकोर पाळतात. म्हणून तर फॉर्मवर छापलेलंच असतं, 'हा विमा मी स्वखुशीनं घेत आहे.' शेजारी फुली. माणसाची स्वखुशी नेमकी कुठं आहे, ते पेन्सिलीनं दाखवावं लागतं.

आता कुणी विचारेल, पेन्सिलच का? टेबलावर पेनं असतात, शिक्के असतात, लाल शाईचा पॅड असतो. पण फुली पेन्सिलीचीच, कारण आपली सही शाईची असते आणि ती खोडता येत नाही. साहेबांची फुली खोडता येते. आपण पायरी उतरलो की खोडरबर फिरतो. फाइल वर जाते तेव्हा कागद असा स्वच्छ, जणू या गृहस्थानं बारीक अक्षरातली सगळी पानं रात्र जागून वाचली, कलमाकलमाला मान डोलावली आणि बरोबर सहीच्या जागा आपणहून हुडकून काढल्या. खोडल्यावर जो काळा चुरा पडतो, तो साहेब फुंकर मारून टेबलाखाली उडवतात. संध्याकाळी झाडूवाली मावशी तो केरात भरते. तो जपून ठेवला पाहिजे. तपासनीस येतात, ताळेबंद बघतात, तिजोरी मोजतात, शाखेत मिळालेल्या विमा कमिशनचं कौतुक करतात. पण कमिशन कसं आलं याचा एकमेव पुरावा सुपलीत असतो, आणि सुपली कधी कुणी ऑडिट केलेली नाही.

१९५६ साली आयुर्विमा सरकारनं ताब्यात घेतला, कारण लोकांच्या हप्त्यांचा पैसा मालक मंडळी भलतीकडेच फिरवत होती. १९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या. शेतकऱ्याला बँक दारात उभं करत नाही, ही तेव्हाची तक्रार. आता तसं कोण म्हणेल? शेतकरी दिसताच खुर्ची पुढं येते. चहासुद्धा येतो. मार्चमध्ये तर बिस्किटंही.

साहेब तरी काय करणार म्हणा. रात्री ग्रुपवर यादी पडते, शून्य पॉलिसीवाल्या शाखा लाल रंगात, आणि खाली 'कारण कळवावे'. पीककर्ज किती वाटलं हे त्या ग्रुपवर कुणी विचारत नाही. थकलेलं कर्ज वसूल झालं का, हेही नाही. बदलीच्या कागदावर त्यांच्याही नावापुढं कुणीतरी फुली मारून ठेवलेली असते.

इथवर हसून घेतलं. पण मुदत ठेव मोडायची वेळ झालेल्या, सत्तरी उलटलेल्या निवृत्त मास्तरांना 'काका, एफडीपेक्षा भारी आहे, पाच वर्षांत दुप्पट' म्हणून दरवर्षी लाखाचा हप्ता असलेली पॉलिसी देतात, ह्याला काय म्हणायचं? मास्तरांनी ठेव एकदा ठेवली होती. पुढच्या वर्षी हप्त्याचा मेसेज येतो तेव्हा त्यांना कळतं की ही ठेव नव्हेच. पेन्शनीतून लाख कुठून आणायचे? हप्ता चुकतो, पॉलिसी बंद पडते, आणि भरलेल्यातला मोठा हिस्सा गेला तो गेलाच. ही चोरी आहे. वातानुकूलित खोलीत, 'काका' म्हणत केलेली, पावतीसकट चोरी. आणि तिला वार्षिक अहवालात 'इतर उत्पन्न' म्हणतात! पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हा ग्राहकाचा हक्क आहे. तो त्या जाडजूड बाडात छापलेलाही असतो. त्या ओळीपाशी मात्र कुणाची पेन्सिल पोचत नाही.

आणि यदाकदाचित दाव्याची वेळ आलीच, तर बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन त्याच टेबलाशी येते. साहेब बदलून गेलेले असतात. नवे साहेब फॉर्म पुढं सरकवतात. ती पानं उलटून बघते, कुठंच काही खूण नाही. सही कुठं करू, म्हणून विचारते.

'ताई, हे तुम्ही नीट वाचून भरायचं हं. काही चुकलं तर दावा नामंजूर होतो.'