साहेब, जरा बाहेर थांबता का?

बोर्डाच्या बैठकीत जोखमीचा विषय कधी घ्यायचा, याचं एक अलिखित वेळापत्रक असतं. तिमाहीचे निकाल झाले, लाभांश ठरला, नव्या कारखान्याची चित्रफीत पाहून झाली, काजूची बशी रिकामी झाली आणि दिल्लीकर संचालक विमानाची वेळ पाहू लागले, की अध्यक्ष विचारतात, "रिस्कचं काही आहे का?" मग टेबलाच्या टोकाचे एक गृहस्थ उठतात आणि पडद्यावर रंगीत चौकोनांचा तक्ता लावतात. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे लक्ष आहे, लाल म्हणजे धोका. लाल चौकोन एकही नसला तर गृहस्थ पगार कशाचा घेतात, असा प्रश्न पडतो. तीन असले तर त्यांना बढती कोणी दिली, असा पडतो. अनुभवी माणूस म्हणून एकच लाल ठेवतो, आणि तोही 'जागतिक परिस्थिती'चा. तिला कंपनीतलं कोणी जबाबदार नसतं.

हे मुख्य जोखीम अधिकारी, म्हणजेच सीआरओ. शंकेची पाल चुकचुकणं हेच ज्याचं पूर्णवेळ काम, असा कंपनीतला एकमेव माणूस.

हा हुद्दा फार जुना नाही. 1993 साली अमेरिकेत जीई कॅपिटलमध्ये जेम्स लॅम यांनी तो पहिल्यांदा लावला, असं मानलं जातं. कर्ज, बाजार, फसवणूक, संगणक असे सगळे धोके एकाच माणसाने एकत्र बघावेत, ही कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच, की सगळं बघणारा माणूस कधीतरी बोलतोही.

लेहमन ब्रदर्स या अमेरिकी गुंतवणूक बँकेत मॅडेलिन अँटोनसिक सीआरओ होत्या. अर्थशास्त्रातल्या डॉक्टरेट, क्षेत्रात मोठं नाव. कंपनी घरांच्या आणि इमारतींच्या व्यवहारांत गळ्यापर्यंत उतरत होती, तेव्हा त्यांनी आक्षेप घेतले. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांनुसार, वरिष्ठांच्या बैठकीत जोखमीची चर्चा निघाली की त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं जाई. हे म्हणजे शस्त्रक्रिया सुरू करताना डॉक्टरांना बाहेरच्या बाकावर बसवण्यासारखंच झालं. 2007 साली त्यांना त्या पदावरून हलवलं आणि त्यांच्या जागी आले कंपनीचेच वित्तप्रमुख. वर्षभरात, 15 सप्टेंबर 2008 रोजी, लेहमनने सहाशे अब्ज डॉलरहून जास्त देणी डोक्यावर घेऊन दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्यानंतर जगभर या पदाला भाव आला. खुर्ची मोठी झाली, पगार वाढला, हाताखाली माणसं आली. मग 2022 साली कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने आणखी सोपा मार्ग शोधला. सीआरओ एप्रिलमध्ये पदावरून गेल्या आणि नव्या बाई आल्या थेट जानेवारी 2023 मध्ये. अमेरिकेत व्याजदर सपाट्याने चढत होते नेमके तेच हे आठ-नऊ महिने. व्याजदराच्या धोक्याचं गणित लाल दाखवत होतं, म्हणून बँकेने गणितातलं गृहीतकच बदललं. ठेवीदार पैसे आणखी बराच काळ ठेवतील, असं धरल्याबरोबर धोका कागदावर उतरला. ठेवीदारांना मात्र हे कोणी कळवलं नव्हतं. 9 मार्च 2023 या एका दिवसात त्यांनी 42 अब्ज डॉलर काढले आणि दुसऱ्या दिवशी बँकेला टाळं लागलं.

आपल्याकडे असला उद्धटपणा चालत नाही. आपल्याकडे समिती असते. मुंबईच्या बीकेसीत दिमाखदार मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस या पायाभूत सुविधांच्या समूहातही जोखीम व्यवस्थापन समिती होती. 2015 ते 2018 या काळात ती एकदाच भरली. सदस्यांनी एकमेकांना ओळखलं असेल, ही श्रद्धा ठेवायला हरकत नाही. 2018 साली समूह कोसळला तेव्हा कर्जाचा आकडा नव्वद हजार कोटींच्या पुढे होता. मग मे 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पाच हजार कोटींहून अधिक मालमत्तेच्या बिगरबँक वित्त कंपन्यांना सीआरओ नेमण्याची सक्ती केली. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तो हाच. पण निदान झोपा तरी झाला.

बँकांसाठीचा नियम त्याआधीचा, एप्रिल 2017 चा, आणि तो जरूर वाचावा असा आहे. सीआरओचा कार्यकाळ ठरलेला असावा. मुदतीआधी हलवायचं तर बोर्डाची मंजुरी घ्यावी. त्याला धंद्याचं टार्गेट देऊ नये. त्याच्याच डोक्यावर वित्तप्रमुखाची टोपी चढवू नये. आणि तो व्यवस्थापकीय संचालकांच्या हाताखाली असेल, तर बोर्डाने किंवा समितीने दर तिमाहीला त्याला एकट्याला, साहेबांच्या गैरहजेरीत भेटावं. लेहमनमध्ये सीआरओला बाहेर काढत, इथे साहेबांनी बाहेर थांबायचं! एवढी सामाजिक क्रांती एका परिपत्रकात मावल्याची उदाहरणं थोडी.

मग साहेब बाहेर थांबतात. काचेपलीकडे, फोनवर बोलल्यासारखं करत. आत अध्यक्ष प्रेमाने विचारतात, "काही दबाव वगैरे नाही ना?" गृहस्थ एकवार काचेकडे बघतात, साहेब हात हलवतात, गृहस्थ म्हणतात, "नाही, उत्तम सहकार्य आहे." इतिवृत्तात नोंद होते. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म कोण भरणार, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं.

पदाच्या भूमिकेत बदल झाला तो असा. पूर्वी सीआरओला कोणी विचारत नसे. आता विचारल्याचा पुरावा ठेवतात. सेबीने 2021 पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार कंपन्यांना जोखीम समिती बंधनकारक केली, वर्षातून निदान दोन बैठकांसह. कामाचा पसाराही वाढला. कर्जबुडवे आणि व्याजदर होतेच; त्यात सायबर हल्ले आले, हवामानबदल आला, बाहेरचे पुरवठादार आले, कृत्रिम बुद्धिमत्ता आली. पूर येण्यापासून पासवर्ड फुटण्यापर्यंत काहीही घडलं तरी आता "सीआरओंना माहीत होतं का?" हा पहिला प्रश्न. त्यांनी ईमेल केलेला असतोच. तो कोणी उघडलेला नसतो.

या सगळ्या आधुनिकतेत मुंबईतलं एक प्रकरण जरा ओशाळवाणं आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या रोकडीतून 122 कोटी रुपये गायब असल्याचं निघालं. प्रभादेवीच्या तिजोरीत वहीप्रमाणे शंभर कोटींच्या वर रोकड होती. त्या तिजोरीत मावतात जेमतेम दहा कोटी, असं पोलीस तपासात पुढे आल्याच्या बातम्या छापून आल्या. पुढे ऑगस्टमध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली. पण त्याआधी ठेवीदारांना सुरुवातीला एक रुपयाही काढता येत नव्हता, मग पंचवीस हजारांची मुभा मिळाली.

नागरी सहकारी बँकांना सीआरओची सक्ती आहे ती पाच हजार कोटी मालमत्तेपासून. या बँकेच्या ठेवी अडीच हजार कोटींच्या आत होत्या, त्यामुळे नियमाने तिला अशा अधिकाऱ्याची गरज नव्हती. अर्थात असता, तरी त्याच्या तक्त्यात या धोक्यासाठी चौकोन असता की नाही, सांगवत नाही. हवामानबदलाचा मात्र नक्की असता.